आधी दाबून धरा, मग गाडी शोधा

धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. रक्तदान शिबिरात त्यातलं 350 किंवा 450 मिलीलिटर काढून घेतात आणि आपण चहा-बिस्किट घेऊन घरी जातो. शरीराला तेवढं सहज सोसतं. दीड लिटर गेलं की जिवावर बेततं. दोन लिटर गेलं की पेशंट हाती लागणं अवघड होऊन बसतं. आणि मांडीतली किंवा दंडातली मोठी धमनी तुटली, तर एवढं रक्त जायला पाच मिनिटं पुरतात.

आता दुसरा हिशेब करा. 108 ला फोन लावायचा, पत्ता सांगायचा, गाडी निघून दारात यायची, यात शहरातही पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. वाडीवर, मळ्यात, घाटात अर्धा तास कधी उलटला ते कळत नाही. ड्रायव्हरने कितीही जीव टाकला तरी पाच मिनिटांच्या आत तो क्वचितच पोचतो. त्या मधल्या वेळात जखमीजवळ ना डॉक्टर असतो, ना नर्स. तिथे असतो त्याचा भाऊ, त्याची बायको, शेजारच्या शेतातला गडी, मागून येणारा मोटरसायकलवाला. तिथे तुम्ही असता.

मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी अपघाताचे पेशंट बघतो. आमच्या टेबलावर येईपर्यंत पेशंटच्या अंगात किती रक्त शिल्लक राहिलं, हे बहुतेक वेळा आमच्या हाताबाहेर गेलेलं असतं. ते ठरतं बांधावर, रस्त्यावर, घराच्या ओट्यावर. म्हणून माझं एकच मागणं आहे. रक्त वाहणाऱ्या माणसाला उचलून पळण्याआधी त्याची जखम दाबून धरा, आणि दाबलेला हात दवाखान्याच्या दारापर्यंत सोडू नका. याला शिक्षण लागत नाही, औषध लागत नाही. दोन हात आणि एक कापड लागतं.

कोणत्या रक्ताची भीती बाळगायची

भाजी चिरताना बोट कापलं, दाढी करताना लागलं, पोराचा गुडघा फुटला, तर ते रक्त बहुतेक वेळा थोड्या वेळात आपोआप गोठतं. त्यासाठी धावपळ नको. पण पुढचं काहीही दिसलं तर क्षणभरही थांबू नका. रक्त चिळकांड्या मारत उडतंय. रक्त संथ आहे, पण धार तुटत नाही आणि जमिनीवर थारोळं होतंय. बांधलेलं कापड भिजून त्यातून रक्त ठिबकतंय. हात, पाय किंवा त्याचा भाग तुटलाय. किंवा रक्त जाणारा माणूस घाबराघुबरा झालाय, असंबद्ध बोलतोय, पेंगुळतोय. यातलं एक जरी असलं तरी ती जिवाची जखम समजा.

रक्त किती गेलं याचा अंदाज नजरेने लागत नाही. फरशीवर पेलाभर रक्तही भयंकर वाटतं, आणि शेतातल्या काळ्या मातीत अर्धा लिटर मुरून गेलं तरी नुसती ओल दिसते. जाड जीन्स, चादर, गाडीची सीट बरंच रक्त पिऊन घेते. अंगाखाली, पाठीकडे, मांडीच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहा. वीस किलोच्या पोराच्या अंगात सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास रक्त असतं. मोठ्या माणसाला जेवढं रक्त सोसतं, तेवढ्यात ते पोर हातचं जाऊ शकतं.

आपल्याकडे अशा जखमांच्या जागा ठरलेल्या आहेत. ऊसतोडीच्या हंगामात कोयता निसटून नडगीवर किंवा डाव्या हातावर बसतो. कडबाकुट्टीत हात जातो. मळणीयंत्रात बाही अडकते. रोटाव्हेटरमध्ये पाय सापडतो. घरात दाराची काच फुटून मनगट कापतं. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉनचा मांजा दुचाकीवाल्याच्या गळ्याला लागतो. त्या मांजावर बंदी असूनही तो विकला जातो. आणि रस्ता तर आहेच. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली सगळीच रक्तस्रावाने गेली नाहीत, डोक्याच्या माराने गेलेली खूप आहेत. पण अपघातातल्या ज्या मृत्यूंना हाताने अडवता येतं, त्यात रक्तस्राव सगळ्यात पुढे आहे.

नुसतं गुंडाळून रक्त थांबत नाही

आमच्याकडे कोयत्याची जखम कशी येते ते सांगतो. पेशंट मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून येतो. पाय खाली लोंबकळत असतो. पायाला वरून एक टॉवेल, त्याच्या आत एक गमछा, त्याच्या आत साडीची चिंधी. आम्ही एकेक थर सोडत जातो. तिन्ही कापडं पिळली तर रक्त निथळेल अशी भिजलेली असतात. सगळ्यात आत जखमेत तंबाखूचा किंवा हळदीचा चिखल झालेला असतो. आणि तो धुऊन बघावं तर तुटलेली रक्तवाहिनी अगदी छोटी, एका बोटाखाली झाकेल एवढी असते. रक्त चालूच असतं. बांधणाऱ्यांनी मनापासून धडपड केलेली असते. तीन कापडं गुंडाळली, पण त्यातल्या एकाचाही दाब त्या बोटभर जागेवर पडलेला नसतो.

ठिबकची नळी फुटल्यावर तिच्यावर फडकं गुंडाळून पाणी थांबत नाही. भोकावर अंगठा दाबून धरला की थांबतं. रक्तवाहिनीचंही तसंच आहे. कापड रक्त टिपून घेतं. थांबवतो तो दाब.

हळद, चुना, कॉफी पावडर, तंबाखू, राख, डिझेल, गुटख्याचा चोथा यातलं काहीही मोठ्या जखमेत घालू नका. दगडी पाल्याचा रस खरचटल्यावर लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती खरचटण्यापुरती राहू द्या. चिळकांडी उडवणाऱ्या धमनीपुढे पाला टिकत नाही. तो आणायला गेलेली दोन मिनिटं मात्र वाया जातात, आणि जखमेत गेलेली घाण नंतर पू करते.

कसं दाबायचं

पहिल्यांदा आपला जीव. यंत्र चालू असेल तर बंद करा, विजेची तार पडली असेल तर लांब राहा, रस्त्यावर असाल तर एकाला गाड्या अडवायला उभं करा. हातमोजे असले तर घाला. नसले तर दुधाची किंवा किराणा सामानाची प्लास्टिकची पिशवी हातात चढवा. तीही नसेल तर जाड कापडाची घडी मध्ये ठेवा आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवा.

एकाला नाव घेऊन काम सांगा. "संतोष, तू 108 लाव आणि फोन स्पीकरवर ठेव." नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही.

जखमीला जमिनीवर आडवं करा. कपडे बाजूला सारा किंवा कात्रीने कापा. रक्त नेमकं कुठून येतंय ते डोळ्यांनी बघा. हे दोन सेकंद फार मोलाचे आहेत, कारण पुढचं सगळं काम त्या एका जागेवर करायचं आहे. मग स्वच्छ सुती कापडाची घडी त्या जागेवर ठेवा, एका तळहातावर दुसरा तळहात ठेवा, गुडघे टेका, कोपरं सरळ करा आणि अंगाचा भार टाकून दाबा. खाली जमीन टणक हवी. गादीवर, खाटेवर दाब बसत नाही. स्वच्छ कापड नसेल तर अंगातला शर्ट, ओढणी, पदर, जे असेल ते. जंतुसंसर्गावर औषध देता येतं, वाहून गेलेल्या रक्ताची भरपाई इतकी सोपी नसते.

दाब पुरेसा आहे की नाही याची खूण एकच: रक्त थांबलं पाहिजे. पेशंट कळवळेल, "हात काढा" म्हणेल. त्याच्याशी बोलत राहा. "दादा, दुखणार, पण मी सोडणार नाही." हात उचलून "थांबलं का" असं बघायचा मोह आवरा. नुकतीच धरू लागलेली गुठळी प्रत्येक डोकावण्याने उखडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. मदत येईपर्यंत दाब चालू ठेवा. हात भरून आले तर दुसऱ्याला बोलवा. त्याचे हात तुमच्या हातांवर बसू द्या आणि मगच आपले सोडवून घ्या.

कापडातून रक्त वर आलं तर वर दुसरी घडी ठेवून आणखी जोर लावा. तरीही येतच राहिलं तर आपला दाब नेमक्या जागी पडत नाही असं समजा. कापडं काढा, जागा पुन्हा शोधा, पुन्हा दाबा.

जखम खोल असेल, विशेषतः मांडीचा सांधा, काख किंवा खांद्याजवळची, तर वरवर दाबून भागत नाही. तिथे कापड आत भरावं लागतं. गॉजचा रोल किंवा सुती कापडाची लांब पट्टी घ्या, तिचं टोक बोटाने जखमेच्या तळाशी, रक्त येतं तिथपर्यंत न्या, आणि बोटाखालचा दाब सुटू न देता उरलेली पट्टी थराथराने ठासून भरा. जखम काठोकाठ भरली की वरून दोन्ही हातांनी दाबा. हे ऐकताना अंगावर काटा येतो, याची मला कल्पना आहे. पण या जागांवर पट्टा आवळता येत नाही आणि दुसरा इलाजही नाही. मात्र असं भरणं फक्त हातापायांच्या आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या जखमांसाठी. छाती किंवा पोटाच्या जखमेत काही कोंबू नका.

पट्टा आवळायचा तर पुरता आवळा

हात किंवा पाय तुटला असेल, यंत्रात चिरडला असेल, किंवा पूर्ण जोराने दाबूनही रक्त ऐकत नसेल, तर वरच्या बाजूला पट्टा आवळून रक्त बंद करावं लागतं. याला टुर्निकेट म्हणतात. याने हात-पाय कायमचा जातो, अशी भीती लोकांत आहे आणि जुन्या डॉक्टरांतही होती. अलीकडच्या युद्धांनी हा समज बदलला. बगदादच्या लष्करी इस्पितळात अमेरिकी डॉक्टरांनी टुर्निकेट लावलेल्या जखमींची नोंद ठेवली, तेव्हा शॉक येण्याआधी, म्हणजे रक्त कमी होऊन शरीर ढासळण्याआधी, पट्टा लागलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचले आणि शॉक आल्यानंतर लागलेल्यांपैकी जेमतेम 10 टक्के. पट्टा तोच, जखमाही तशाच. फरक वेळेचा होता.

तयार पट्टा मिळतो. तो नसेल तर निदान दोन इंच रुंद मजबूत कापड घ्या. तार, सुतळी, दोरी, बुटाची लेस नको, ती मांस कापते. जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा टाळून, हात किंवा पाय कापडाने गुंडाळून एक गाठ मारा. गाठीवर चमचा, पाना किंवा मजबूत काठी ठेवून वर दुसरी गाठ मारा आणि काठी पिळत जा. रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळा, मग काठी सुटू नये म्हणून बांधून टाका. पेशंटला भयंकर दुखेल. दुखतंय याचा अर्थ चुकलं असा नाही.

अर्धवट आवळणं हे न आवळण्याहून वाईट. परत येणारं रक्त नेणाऱ्या शिरा वरवर असतात, त्या आधी बंद होतात. रक्त आणणारी धमनी खोल असते, ती चालूच राहते. मग जखमेतून रक्त आणखी जोरात येतं. रुमाल सैलसर बांधून आलेले पेशंट आम्ही नेहमी बघतो आणि त्यांचं रक्त बांधल्याने वाढलेलं असतं. आवळायचं तर पुरतं, नाहीतर दोन्ही हातांनी दाबत राहा.

आवळल्याची वेळ पेशंटच्या कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा. नंतर "जरा सैल करून बघू" असं कुणालाही करू देऊ नका. ते काम डॉक्टरचं. साधारण दोन तासांपर्यंतच्या अशा पट्ट्याने अवयव सहसा वाचतो, आणि तेवढ्या वेळात बहुतेक ठिकाणांहून दवाखाना गाठता येतो.

इथेच एक ताकीद. साप चावल्यावर असा पट्टा अजिबात आवळू नका. तिथे रक्त थांबवायचं नसतं. विष एका जागी कोंडून हात-पाय सडतो, आणि पट्टा सोडल्यावर प्रकृती एकदम बिघडू शकते. सर्पदंशात तो हात किंवा पाय हलू न देता पेशंटला थेट दवाखान्यात न्या.

काही जागांचे वेगळे नियम

मानेला मांजा किंवा पत्रा लागला तर मानेभोवती काहीही गुंडाळू नका. ज्या बाजूने रक्त येतं त्याच बाजूला बोटांनी सरळ दाबा. श्वासनळीवर दाब येऊ देऊ नका आणि दोन्ही बाजू एकदम दाबू नका.

डोक्याची कातडी फाटली तर रक्त फार येतं, पण दाबल्यावर थांबतंही. हाड आत गेलेलं, मऊ लागलं तर त्यावर जोर देऊ नका, कडेकडेने धरा. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं रक्त येत असेल तर बोळा कोंबू नका.

पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका, वर प्लास्टिक ठेवा आणि तातडीने निघा.

पोटात, छातीत किंवा मांडीत सळई, काच, विळा रुतून बसला असेल तर उपटू नका. रुतलेली वस्तूच पुष्कळदा फाटलेली रक्तवाहिनी अडवून बसलेली असते. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही असं करा.

बोट किंवा हात तुटून पडला तर आधी माणसाचं रक्त थांबवा, मग तुटलेला भाग शोधा. तो किंचित ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. मांस थेट बर्फावर ठेवलं तर गोठून निकामी होतं.

बोलतोय म्हणजे बरा आहे, असं समजू नका

आता शॉकबद्दल. इथे शॉक म्हणजे विजेचा नाही आणि मनाला बसलेला धक्काही नाही. रक्त कमी झाल्यामुळे मेंदू, मूत्रपिंड, हृदय यांना पुरेसा प्राणवायू पोचेनासा होतो, ती अवस्था. जखमेचं रक्त डोळ्याला दिसतं. शॉक दिसत नाही, तो ओळखावा लागतो. तो ओळखला नाही म्हणून चांगल्या जवान माणसांना आम्ही गमावतो.

रक्त कमी होऊ लागलं की शरीर काटकसर करतं. कातडीकडे, हातापायांकडे जाणारं रक्त आखडतं आणि ते मेंदू-हृदयाकडे वळवतं. म्हणून हातपाय गार पडतात, कपाळावर, ओठावर थंड चिकट घाम येतो. हृदय जोरात धावायला लागतं. मनगटाची नाडी मिनिटाला शंभराच्या वर जाते आणि बोटाखाली बारीक, दोऱ्यासारखी लागते. श्वास जलद आणि उथळ होतो. तोंडाला कोरड पडते. माणूस अस्वस्थ होतो, उगाच उठू बघतो, चिडतो, "मला घरी न्या" म्हणतो. सावळ्या कातडीवर पांढरेपणा दिसत नाही म्हणून खालची पापणी ओढून आतला रंग बघा; ओठ, जीभ, तळहात, नखं बघा. बोटाचं नख दाबून सोडा. एरवी दोन सेकंदांच्या आत लाली परत येते. जास्त वेळ लागला तर रक्त तिथपर्यंत पोचत नाही असं समजा.

या वेळी रक्तदाब पुष्कळदा ठीक भरतो. गावातल्या दवाखान्यात कुणीतरी बीपी बघून "नॉर्मल आहे" म्हणतो आणि सगळे निर्धास्त होतात. तरुण माणसाचं शरीर तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत दाब रेटून धरू शकतं. मग त्याची ताकद संपते आणि दाब एकदम कोसळतो. मघापर्यंत आरडाओरडा करणारा माणूस शांत होतो, डोळे मिटू लागतो, प्रश्नाला उत्तर देत नाही. सोबतचे म्हणतात, आता जरा आराम पडला, झोपू द्या. तो आराम नसतो. जखमी माणूस अचानक गप्प झाला तर ती सगळ्यात मोठी धोक्याची घंटा समजा.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलोल अशी गोळी चालू असेल तर रक्त जाऊनही नाडी वाढत नाही आणि आपण फसतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साधी जखमही लवकर थांबत नाही. गोळ्यांची पाकिटं पेशंटबरोबर पाठवा.

रक्त बाहेर दिसत नसतानाही शॉक येतो. स्टिअरिंग किंवा हँडल पोटात बसून प्लीहा फाटते, ट्रॅक्टर उलटून कमरेचं हाड मोडतं, मांडीचं हाड मोडून आतल्या आत लिटरभर रक्त साठतं. पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात एकाएकी कळ येऊन ती घामाघूम झाली, चक्कर येऊन पडली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. बाळंतपणानंतर तासाभरात मोठं कापड पूर्ण भिजू लागलं तर "अंगावरून जायचंच" म्हणून थांबू नका. वरच्या खुणा या सगळ्यांना लागू आहेत. खुणा दिसल्या आणि जखम दिसली नाही, तर रक्त आत जातंय असं धरून चाला.

पाणी मागेल, देऊ नका

शॉकमधला माणूस पाणी मागतो. घोटभर पाण्यासाठी हात जोडतो. आणि तहानलेल्याला पाणी न देणं आपल्या संस्कारात बसत नाही. अपघात झाला की पहिला धावतो तो पाण्याची बाटली घेऊन. ही माया आहे, तिचा मला आदर आहे. तरीही सांगतो, पाणी देऊ नका. ही तहान रक्त कमी झाल्याची आहे आणि पोटात गेलेलं पाणी ती वेळेत भागवत नाही. शुद्ध हरपत आलेल्या माणसाच्या घशात पाणी घातलं तर ते श्वासनळीत जातं, उलटी झाली तर फुप्फुसात उतरते. ऑपरेशन लागणार असेल तर भरलेलं पोट भूल देताना धोक्याचं ठरतं. ओलं बोट ओठांवरून फिरवा, तेवढं चालतं. चहा, सरबत, दारू, तंबाखू काहीच नको.

बाकी करायचं ते थोडं आहे. सरळ आडवं झोपवा. उठवून, टेकवून बसवू नका. बसवलं की मेंदूकडे जाणारं रक्त आणखी घटतं. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा. आणि ऊब द्या. ओले कपडे काढा, खालून-वरून चादर, गोधडी, पोतं, जे असेल ते घाला. अंग गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा वाहू लागतं. म्हणून उन्हाळ्यातही पांघरूण लागतं, आणि म्हणूनच तोंडावर पाणी मारणं, अंगावर बादली ओतणं चुकीचं.

गाडी, दवाखाना आणि पोलीस

108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, गोव्यात त्याच्याही आधीपासून. ती फुकट आहे. फोनवर ठिकाण नीट सांगा: रस्त्याचं नाव, किलोमीटरचा दगड, जवळचा कारखाना, देऊळ, पूल. "रक्त खूप जातंय, शुद्ध हरपतेय" असं स्पष्ट सांगा. गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, पण पेशंट आडवा राहील असं वाहन बघा. जीप, टेम्पो चालेल. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. आणि दाबणारा माणूस पेशंटसोबत गाडीत हवा, हात जखमेवर ठेवून. जिथे रक्त आणि सर्जन दोन्ही मिळतील अशाच दवाखान्याकडे चला. वाटेत कुणीतरी पुढे फोन करून कळवा. रक्त गोठायला मदत करणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड हे इंजेक्शन इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच जीव वाचवायला उपयोगी पडतं, हे 2010 सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. म्हणून डॉक्टरला इजेची वेळ आवर्जून सांगा.

पोलिसांच्या भीतीने हात मागे घेणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांना सांगतो, कायदा आता तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं की जखमीवर आधी उपचार, कागदपत्रं नंतर. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचनांना बळ दिलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. रस्त्यावरच्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करताना काही बरंवाईट झालं तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही, पैसे भरायला लावता येत नाहीत. साक्ष द्यायची की नाही हे तुमच्या मर्जीवर. तुम्ही जखमीला आणून सोडून निघून जाऊ शकता.

एवढं करा

ट्रॅक्टरच्या डब्यात, मोटरसायकलच्या डिकीत, कडबाकुट्टीशेजारी खुंटीला एक पिशवी टांगा. तिच्यात दोन गॉजचे रोल, एक रुंद बँडेज, धुतलेल्या सुती साडीचा तुकडा, हातमोज्यांची जोडी, कात्री, एक मार्कर पेन आणि बोटाएवढी जाड, वीतभर लांब मजबूत काठी. फार खर्च येत नाही.

मुकादमांना विनंती: टोळी फडात उतरवण्याआधी पहिल्या दिवशी अर्धा तास द्या, आणि बायकांनाही सामील करून घ्या, कारण कोयता त्यांच्याही हातात असतो. कारखान्यांना विनंती: गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक गटात चार माणसं तरी शिकवून तयार करा. शिक्षकांना विनंती: नववी-दहावीच्या मुलांना हे करायला लावा. गादीच्या जुन्या फोमला चीर पाडून त्यात कापड ठासून भरायचा सराव वर्गात सहज होतो. तालुक्यातल्या डॉक्टरांना विनंती: बोलावणं आलं की जा, नाही आलं तरी विचारा.

आणि तुम्हाला विनंती अशी. हे वाचून कागद बाजूला ठेवू नका. आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना जमिनीवर बसवा, एकाच्या मांडीवर टॉवेलची घडी ठेवा आणि प्रत्येकाला पाळीपाळीने अंगाचा भार टाकून दाबायला लावा. जोर किती लागतो ते हातांना कळू द्या. मग एकमेकांना तीन प्रश्न विचारा: दाबायचं कुठे, सोडायचं कधी, आणि जखमीने पाणी मागितलं तर काय करायचं. घरातल्या सगळ्यात धाकट्याला उत्तरं येईपर्यंत विचारत राहा.